घरी बोलता तसं बोला

मी टाळी वाजवली आणि मोजायला लागलो.

टाळी आधी समोरच्या वेदीपर्यंत गेली. मग डाव्या भिंतीला लागली, उजव्या भिंतीला लागली, वर लाकडी छतात शिरली, तिथल्या पारव्यांची चौकशी करून सावकाश खाली उतरली आणि म्हाताऱ्या मांजरासारखी माझ्या पायाशी येऊन पसरली. मी वहीत लिहिलं : साडेचार सेकंद.

"पावणेपाच," मागून कोणीतरी म्हणालं. "शेवटचा तुकडा तुम्ही सोडलात. तो बाप्तिस्म्याच्या कुंडात वाकून येतो, म्हणून त्याला जरा उशीर होतो."

मागे पांढऱ्या झग्यातले साठी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. हेच फादर बस्त्याव. आवाज भरदार, सावकाश, गाण्याच्या काठाकाठाने चालणारा. त्यांचं पुढचं वाक्य सुरू व्हायचं तेव्हा मागचं अजून हवेतच असायचं.

"पुन्हा वाजवा," ते म्हणाले. "ह्या वेळी डोळे मिटून."

अशा रीतीने एका गुरुवारी सकाळी, चोवीस वर्षांचा एक स्पीकर-मिस्त्री आणि एक धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये डोळे मिटून टाळ्या वाजवत उभे होते. बाहेर केळीच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे समुद्र. रंगीत काचांतून निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडलेला. डोळे उघडले तेव्हा मला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत आणि इथे श्वास घ्यायला हरकत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. वसईच्या बाजूचं आहे. तिथून मला अजून दर वर्षी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, येतात आणि ती बंद व्हावीत असं मला वाटत नाही.

मी तेव्हा फाटकसाहेबांच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याखालची खोली. तिथे आम्ही घुमणाऱ्या इमारतींसाठी उंच, अरुंद स्पीकरच्या पेट्या बनवायचो. तसल्या चार पेट्या घेऊन मला इकडे पाठवलं होतं. स्टेशनवर न्यायला आले होते जुजेकाका. चर्च समितीचे प्रमुख, तीन वाड्यांचे मालक, आणि मनातलं सगळं टांग्यातच सांगून टाकणारे.

"हे बघा पोंक्षे, लॅटिन होतं तोवर आमचं बरं चाललं होतं. कोणाला काही कळत नव्हतं, आणि कळायचं नाही हे सगळ्यांना मान्य होतं. आता वर्ष झालं, मिस्सा, म्हणजे आमची उपासना, मराठीत आहे. आता न कळणं उघड्यावर आलं."

"म्हणजे?"

"म्हणजे फादर बोलतात मराठी आणि बाकावर पोचतं ते परत लॅटिनच."

पेट्या टांग्यात आडव्या होत्या. त्यांच्यावर हात ठेवून जुजेकाका पुढे म्हणाले, "तक्रार वर गेली. रविवारी बिशपांच्या कचेरीतले मोठे फादर येणार. शेवटच्या बाकावर बसून ऐकणार. शब्द कळले नाहीत तर आमच्या फादरना म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमात धाडणार आणि इथे कोणीतरी तरणा आणून बसवणार. एकतीस वर्षं आहेत ते इथे. माझं लग्न त्यांनी लावलं. माझ्या बापाला त्यांनी मातीत ठेवला. त्यांचा काही दोष नाही हो. दोष त्या इमारतीचा. तुम्ही तेवढं इमारतीचं बघा."

"इमारतीचं बघतो," मी म्हणालो. त्या वयात मी कशाचंही बघतो म्हणायचो.

माझी राहायची सोय फादरांच्या बंगल्यात होती. तिथे रेजिनामावशी स्वयंपाक करायची. सडपातळ, लाल लुगड्यातली, जरुरीपुरतं बोलणारी बाई. दुपारी जेवायला बसलो तेव्हा फादरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि एका वाडग्याकडे बोट दाखवलं. सकाळी इतका गोड बोलणारा माणूस आता खुणा का करतो ते मला कळेना. मी नुसतंच हसलो. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. मी पुन्हा हसलो. मग त्यांनी सुस्कारा सोडला, हात धुतले, मला खूण केली, आणि भर उन्हात अंगण ओलांडून मला चर्चमध्ये घेऊन गेले. वेदीपुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"तुम्ही बोंबील खाता का?"

भिंतींनी विचारलं, छताने विचारलं, कुंडाने विचारलं. मी पोंक्षे. आमच्या घरात बोंबलाचं नावसुद्धा कोणी मोठ्याने घेत नसे. पण एकाच वेळी इतक्या ठिकाणांहून विचारल्यावर मला नाही म्हणवेना.

"खातो," मी म्हणालो.

आम्ही परत पानावर येऊन बसलो. रेजिनामावशीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्या ताटात बोंबील वाढला.

फादर हात धुवायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "मावशी, हे नेहमी असंच?"

"काय?"

"बोलायला चर्चमध्ये जायचं."

"फादरना बोलायचं असलं की ते तिकडे नेतात," ती म्हणाली. आंघोळ न्हाणीत करतात, असं सांगावं तसं.

"पोस्टमनलासुद्धा?"

"पोस्टमन आपणच जातो. टोपी काढून."

मी समजलो, साधुपुरुष आहे. एखादं व्रत असेल. आणि बोंबील खाल्ला. चांगला होता.

पेट्या पुरुषभर उंच होत्या, वीतभर रुंद. प्रत्येकीत वरून खाली आठ लहान स्पीकर, शेंगेतल्या दाण्यांसारखे. जुजेकाकांचा चेहरा पडला.

"एवढ्या मोठ्या इमारतीला एवढेसे स्पीकर? सणाला आम्ही भोंगा लावतो तो मैलभर ऐकू जातो."

"ऐकू जातो. कळतो का?"

जुजेकाकांनी डोकं खाजवलं.

"तुम्ही केळीला पाणी कसं देता?" मी विचारलं.

"पाटानं."

"छपराला देता?"

"छपराला कशाला देऊ? डोकं फिरलंय का माझं?"

"भोंगा छपराला देतो. भिंतींना देतो, पारव्यांना देतो, उरलंसुरलं माणसांना. असे आठ स्पीकर एकावर एक उभे केले की आवाज वर-खाली उधळत नाही. पाटातून गेल्यासारखा सरळ बाकांवरून जातो, डोकी असतात तेवढ्याच उंचीवरून. छपराला मुळात मिळालंच नाही तर ते परत काय करणार?"

जुजेकाकांनी पेटीवरून हात फिरवला. "आवाजाचा पाट," ते स्वतःशीच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी गावात हे इतक्या जणांना समजावलं की शेवटी कल्पना त्यांचीच झाली.

शुक्रवारी मी वायर आणायला बाजारात गेलो आणि परत आलो तर चारही पेट्या खांबांवर आडव्या टांगलेल्या. वर लेसचं कापड. खाली सुतार आणि जुजेकाका कौतुकाने बघत उभे.

"हे कोणी केलं?"

"उभ्या होत्या ना, तेव्हा बाया आत यायच्या आणि बघून क्रुसाची खूण करायच्या," जुजेकाका म्हणाले. "दोघी रडल्या. त्यांना वाटलं शवपेट्या आहेत. आता बघा कशा तोरणासारख्या दिसतात."

"काका, आडवी केली की पाटही आडवा झाला. आता आवाज छपरापासून फरशीपर्यंत जाणार आणि कडेच्या बाकांवर काहीच नाही."

"पण दिसतं चांगलं की नाही?"

मी पेट्या परत उभ्या केल्या. संध्याकाळी रेजिनामावशी काही न बोलता आली, आणि तिने चारही पेट्यांना पांढऱ्या पातळ कापडाचे झगे चढवले. खाली निळा काठ. पहिल्या कम्युनियनला निघालेल्या चार मुली खांबांना टेकून उभ्या राहिल्यासारखं दिसायला लागलं. मग कोणी रडलं नाही.

शनिवारी सकाळी दहाला चाचणी होती. चाळीसेक माणसं येऊन बसली. रेजिनामावशी पहिल्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागी. फादर वेदीवर आले. मी माइक त्यांच्या तोंडासमोर आणला आणि फाटकसाहेब सगळीकडे देतात तो सल्ला दिला.

"फादर, आता ओरडायचं नाही. गायचंही नाही. तुमचा आवाज न्यायचं काम पेट्या करतील. तुम्ही फक्त घरी बोलता तसं बोला."

फादरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रेजिनामावशीनेही पाहिलं. मला वाटलं, दोघांवर छाप पडली.

मी मागे जाऊन आवाज वाढवायच्या यंत्रापाशी बसलो. फादरांनी कागद उघडला, हळू आवाजात सुरुवात केली. पहिला शब्द निम्मा आला. मग तोच निम्मा पुन्हा आला. आणि पुन्हा.

मी वायर तपासली. जोड घट्ट होता. यंत्राच्या कडेवर टिचकी मारली. दिवे नीट जळत होते. पुढचा शब्द आलाच नाही. त्याच्या दाराशी नुसती धडपड ऐकू आली, ओठांची, श्वासाची. मी दुसरी वायर तपासली. मग कधीतरी मान वर केली, आणि फादरांचा चेहरा पाहिला, आणि वायर खाली ठेवली.

यंत्रात काही बिघाड नव्हता. पेट्या उत्तम चालत होत्या. छपराला एक कण न देता त्यांनी ते अडखळणं शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचवलं.

फादरांनी कागदाची घडी केली, बाजूच्या दाराने निघून गेले. कोणी उठेना. कोणी कोणाकडे बघेना. चाळीस माणसं आपापल्या पायांचे अंगठे बघत बसली. जुजेकाका माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज फुटला होता.

"तुम्ही काय केलंत हो?"

"दुरुस्त केलं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

स्वयंपाकघरात मावशी नारळ खवत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"एकतीस वर्षं मी त्यांना भात वाढते," ती म्हणाली. "आवाज येत नाही म्हणून माणूस कळत नाही का?"

"मग मला सांगायचं."

"काय सांगू? त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी जे सांगितलं नाही ते मी कसं सांगू?" तिने खवणी बाजूला केली. "उद्या ते मोठे फादर असंच ऐकणार?"

मी वळलो. मागे फादर येऊन उभे होते. त्यांनी मला खूण केली. मी त्यांच्यामागून चर्चमध्ये गेलो.

यंत्र बंद होतं. उजेड फरशीवरून सरकून बाकांवर चढला होता. फादर वेदीपुढे उभे राहिले आणि त्यांचा तो मोठा, सावकाश, गाण्याच्या काठावरचा आवाज परत आला.

"लहानपणापासून आहे. सेमिनरीत, धर्मगुरूंच्या शाळेत, मला लॅटिन गाता यायचं, बोलता यायचं नाही. गाताना कोणी अडखळत नाही. मग त्यांनी मला इथे पाठवलं. ह्या इमारतीत कोणालाच काही कळत नाही, तिथे हा चालून जाईल, असं त्यांना वाटलं असावं. पहिल्या दिवशी मी इथे उभा राहिलो, एक शब्द काढला, आणि तो पुरा व्हायच्या आत कोणीतरी माझ्याबरोबर तो बोलायला लागलं."

वाक्य चर्चभर फिरून आलं.

"दोघं मिळून बोललं की माझी जीभ अडत नाही. का, ते मला माहीत नाही. मी कधी त्याला विचारलं नाही. विचारलं आणि तो लाजून गप्प झाला तर?"

"आणि मी त्याला हाकललं."

"तुम्ही तुमचं काम केलंत. चांगलं केलंत."

"मी पेट्या काढतो, फादर. आत्ता. जुजेकाकांना सांगतो यंत्र जळलं."

फादरांनी पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं.

"रेजिना त्या बाकावर एकतीस वर्षं बसते. आज मी एक वाक्यही धड बोललो नाही. पण जे अर्धं बोललो ते तिला कळलं. मी तिचा चेहरा पाहिला. पेट्या काढू नका."

"मग उद्या?"

"उद्या मी अडखळेन," ते म्हणाले, आणि हसले. "पण सगळ्यांना कळेल असा अडखळेन."

ते गेले. मी एका बाकावर आडवा झालो. दुपार होती. केळीच्या पानांची सळसळ खिडकीतून आत येत होती आणि आत आल्यावर मोठी होत होती, जणू चर्चलाच झोपेत कूस बदलायची होती. एक पारवा माडीवर उतरला. प्रवेशदाराच्या वर ती माडी होती. तिथे गाणारे उभे राहायचे. पारवा घुमला आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायला क्षणभर वेळ लागला. चोच आधी हलली, आवाज मागून आला. मी त्याच्याकडे झोपेतून बघावं तसा बघत राहिलो. मग ताडकन उठलो.

"काका," मी जुजेकाकांना गाठून म्हणालो, "चौथी पेटी माडीवर चढवायची."

"माडीवर कोण बसतं ऐकायला?"

"ऐकायला नाही. तोंड वेदीकडे करायचं."

पेटी आम्ही दोघांनी वर नेली. माडीच्या कठड्याला उभी बांधली आणि पुढे जराशी झुकवली. इतकीच की तिचा आवाज सगळ्या बाकांच्या डोक्यांवरून जाईल आणि वेदीपाशी उभ्या माणसाच्या कानांवर उतरेल. मधे कोणाला काही मिळणार नाही. अंतर ऐंशी फूट. तेवढं यायला आवाजाला पापणी लवायचा वेळ लागतो, म्हणजे बोलणाऱ्याचाच शब्द जरा मागून त्याच्या सोबतीला येतो. तिला वेगळं बटण दिलं, कारण जास्त वाढवली असती तर माइकने शिट्टी मारली असती.

जुजेकाका कठड्यावरून वाकून बघत होते. "सगळा पाट उलटा," ते म्हणाले. "आणि पाणी एकाच झाडाला."

"एकाच झाडाला."

त्यांनी रुमाल काढला. आणि नाक दोनदा शिंकरलं.

मग मी वेदीपाशी उभा राहिलो, त्यांना बटणावर बसवलं, आणि माइकमध्ये म्हणालो, "मी दिगंबर पोंक्षे." म्हणजे तसं म्हणायला गेलो. 'मी' नीट गेला. 'दिगंबर' निघाला तेवढ्यात माझाच 'मी' परत आला. मी त्याच्यासाठी थांबलो, तो माझ्यासाठी थांबला. अरुंद दारात दोन माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसं आमचं झालं. शाळेत बडबडीसाठी बाकावर उभा राहिलेला मी, मला माझं नाव सांगता येईना.

"बघू, मला बघू द्या," म्हणत जुजेकाका आले. त्यांनी केळीच्या जाती म्हणायला घेतल्या. वेलची, तांबडी, बसराई. तिसऱ्या जातीला त्यांची जीभ अशी जड झाली की सकाळपासून ताडी घेऊन बसलेत असं वाटावं. घाम पुसत ते खाली उतरले.

"हे काय लावून ठेवलंत? बोलका माणूस मुका होईल इथे! आणि आमचे तर आधीच..."

ते थांबले, कारण फादर मागच्या दारात उभे होते.

"चुकलं, फादर," मी म्हणालो. "काढतो."

फादरांनी हात वर केला. राहू द्या. बाकांमधून चालत ते आले आणि माइकपुढे उभे राहिले. पहिल्या बाकापाशी रेजिनामावशी उद्यासाठी फुलदाण्या पुसत होती. मी मागे जाऊन बटण फिरवलं. फादरांनी श्वास घेतला. आणि मोठ्याने नाही, गाऊन नाही, चर्चला हाक मारून नाही, आपल्या साध्या, थोड्या घोगऱ्या, मी कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाले,

"तुम्ही बोंबील खाता का?"

एकही अक्षर अडलं नाही. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, "रेजिना, आज आमटीला मीठ थोडं कमी होतं."

रेजिनामावशी हातातल्या फुलदाणीसकट बाकावर बसली.

"एकतीस वर्षं कमीच असतं," फादर म्हणाले. "एवढ्यासाठी तुला इथे आणायचं बरं वाटलं नाही."

रविवारी चर्च भरलं. मोठे फादर आले. त्यांचं नाव फादर ऑल्विन. उंच, प्रसन्न, वक्तृत्वासाठी प्रसिद्ध. ते शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. मी त्यांच्यामागेच यंत्रापाशी होतो. मिस्सा सुरू झाली.

फादर बस्त्याव घरी बोलावं तसं बोलले. शब्द बाकांवरून पाण्यासारखे गेले. लोक पुढे वाकून ऐकायचे ते हळूहळू मागे टेकले. प्रवचनाच्या मध्यावर फादरांनी एक विनोद सांगितला आणि सगळं चर्च हसलं. फादर दचकले. जुजेकाकांनी मला नंतर सांगितलं की तो विनोद ते दर वर्षी सांगत होते. विनोद आहे हे लोकांना त्या दिवशी कळलं.

फादर ऑल्विननी वहीत लिहिलं : सुस्पष्ट. मी वाकून वाचलं. मला वाटलं, जिंकलो.

शेवटी ते उठले आणि हातात एक पाकीट घेऊन वेदीकडे गेले. तपासणी रविवारी होती. पत्र गुरुवारीच टाइप झालेलं होतं. कचेरीची कामं अशी आधी उरकलेली असतात.

ते माइकपुढे उभे राहिले. आता माडीवरची पेटी बंद करायला हवी होती. बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मी विसरलो. पंचावन्न वर्षं मी हेच सांगत आलो आहे आणि ह्या वयात जबानी बदलणं बरं दिसत नाही.

"प्रिय बंधु..." फादर ऑल्विन म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले. घसा साफ केला. आवाज चढवला, तर आणखी बिघडलं. तो प्रसन्न, वाक्यांवरून घोड्यासारखा दौडणारा माणूस तिसऱ्या शब्दाला उभा राहून घामाने भिजला. कोणी हसलं नाही. लोकांनी कालच्यासारखंच आपापल्या अंगठ्यांकडे पाहिलं. त्यांना आता सवय होती.

फादर बस्त्याव खुर्चीवरून उठले. त्यांनी फादर ऑल्विनच्या पाठीवर हात ठेवला. असं असतं, काही हरकत नाही, असं म्हणणारा हात. त्यांच्या बोटांतून पत्र हळूच काढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागले. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"प्रिय बंधुभगिनींनो. ह्या धर्मग्रामाची दीर्घकाळ सेवा करणारे फादर बस्त्याव ह्यांचं वय आणि प्रकृती लक्षात घेता..."

तिथे त्यांना कळलं. मला दिसलं. माझा अंगठा बटणावर होता. नुसतं फिरवलं असतं तर ते तिथेच अडले असते आणि पत्र अर्धं राहिलं असतं. माझ्याने फिरवलं गेलं नाही. ते नीट बोलत होते.

"...त्यांना येत्या एक तारखेपासून विश्रांतीसाठी आश्रमात जाण्याची आज्ञा करण्यात येत आहे." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "नव्या धर्मगुरूंचं आपण प्रेमाने स्वागत कराल अशी खात्री आहे. परमेश्वराची कृपा ह्या धर्मग्रामावर सदैव राहो."

इथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं.

कोणी म्हटलं नाही. मी सवयीने मोजायला लागलो. एक. दोन. जुजेकाकांचं तोंड अर्धवट उघडं होतं. तीन. माडीवर पारव्याने पंख झटकले. चार. ती शांतता भिंतींना लागली, छतात गेली, खाली उतरली, कुंडात वाकून आली.

रेजिनामावशी उभी राहिली. तिच्यापुढे माइक नव्हता.

"मोठे फादर," ती म्हणाली, "एकतीस वर्षं आम्ही काही न कळता आमेन म्हणत आलो. आज शब्दन्‌शब्द कळला. म्हणून म्हणत नाही."

आणि लुगडं सावरून खाली बसली.

फादर ऑल्विन माइककडे सरकले. त्यांनी तोंड उघडलं, विचार केला, मिटलं. तीन पावलं मागे गेले, आणि तिथून म्हणाले, "मला कुठे चहा मिळेल का?"

चहा बंगल्यात झाला. बशी खाली ठेवून फादर बस्त्यावनी त्यांना खूण केली, आणि दोघं अंगण ओलांडून परत चर्चमध्ये गेले. दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने फादर ऑल्विन एकटे बाहेर आले. पत्र त्यांच्या खिशात होतं, चार घड्या घातलेलं. टांग्यात बसताना त्यांनी मला विचारलं, "ते बटण कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या," मी म्हणालो. "विसरलो."

"विसरत जा," ते म्हणाले.

फादर बस्त्याव तिथे आणखी अकरा वर्षं होते.

मागच्या मार्गशीर्षात मी गेलो होतो. फादर आता चर्चच्या मागच्या आवारात आहेत, मावशी त्यांच्यापासून दोन रांगा अलीकडे. पेट्या बदलल्या आहेत. नव्या पेट्या इतक्या बारीक आहेत की त्यांना झगा घालायची गरज नाही. माडीवर माझी जुनी पेटी अजून वेदीकडे तोंड करून उभी होती, वायर तुटलेली. ही उलटी का बसवली म्हणून नव्या, तरुण, अस्खलित बोलणाऱ्या फादरांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्या काळी आम्हाला फारसं कळत नव्हतं.

ते कामाला गेले. निळा-तांबडा उजेड फरशीवर होता. मी वेदीपुढे गेलो, डोळे मिटले, आणि टाळी वाजवायच्या ऐवजी मोठ्याने विचारलं,

"तुम्ही बोंबील खाता का?"

भिंतींनी विचारलं. छताने विचारलं. मी वाट पाहिली. सगळ्यात शेवटी कुंडाने, वाकून, जरा उशिरा.

"खातो," मी म्हणालो.